गॅस प्रेशर स्विच पडतोय? आधी प्रेशर मोजा, मग स्विचला हात लावा



बंदीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर धक्क्याला आणि आपण सगळे डागडुजीत. इंजिन, गिअर, विंच, जाळ्यांची शिवण यावर आपल्या पानावर दर पावसाळ्यात लिहिलं जातं. या वेळी शेडच्या मागे उभ्या असलेल्या बॉयलरबद्दल लिहितोय. त्याच्याकडे आपलं लक्ष तो बंद पडला की मगच जातं, हे खरं आहे आणि चूक आमचीही आहे.

आपला बॉयलर छोटा आहे. तासाला १०० किलो वाफ, इंधन एलपीजी. सुंगटं उकडायची, तिसऱ्या उघडायच्या, क्रेट आणि टेबलं धुवायला गरम पाणी द्यायचं, एवढंच त्याचं काम. पण सुंगटांचा मारा असेल त्या दिवशी तो अडला की सगळं अडतं. बर्फ वितळतो, सोलायला आलेल्या मावश्या हातावर हात ठेवून बसतात, टेम्पोवाला घड्याळ बघतो.

गेल्या ऑक्टोबरात असाच एक दिवस होता. बॉयलर सकाळी छान चालला आणि दहाच्या पुढे बंद पडायला लागला. दुपारपर्यंत सात वेळा. पॅनेलवर दर वेळी एकच दिवा: लो गॅस प्रेशर. कुणीतरी म्हणालं, ‘सिलिंडरांत गॅस आहे की! हा स्विचच खराब झालाय. डायरेक्ट करून टाका.’ डायरेक्ट केला. बॉयलर चालला. त्या दिवशीचा माल वेळेत गेला आणि आम्ही सगळे खूश झालो. त्यानंतर काय झालं ते पुढे सांगतो. आधी तो स्विच काय असतो ते समजून घेऊ, कारण ते माहीत असतं तर आम्ही तसं केलं नसतं.

गॅस कुठून कुठे जातो

सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूपात असतो आणि त्याच्या डोक्यावर वायू. तिथलं प्रेशर बर्नरला लागतं त्याच्या शंभरपटीच्या घरात असतं, म्हणून ते दोन टप्प्यांत उतरवतात. सिलिंडर बँकेजवळचा पहिला रेग्युलेटर ते साधारण १ बारवर आणतो. मग लाइन भिंतीवरून बॉयलरपर्यंत येते आणि दुसरा रेग्युलेटर ते ५० मिलिबारवर आणतो. घरच्या शेगडीला ३० मिलिबारच्या आसपास मिळतं. म्हणजे बॉयलरचं प्रेशर घरच्यापेक्षा फार मोठं नाही, पण गॅस मात्र कितीतरी जास्त लागतो. हा फरक लक्षात ठेवा.

दुसऱ्या रेग्युलेटरनंतर हाताने बंद करायचा बॉल वॉल्व्ह, मग फिल्टर, मग लो प्रेशर स्विच. त्यापुढे एक ठोकळा आहे. त्यात दोन सेफ्टी वॉल्व्ह एकामागे एक आहेत आणि गव्हर्नरही त्यातच आहे. गव्हर्नर प्रेशर बर्नरला हवं तेवढं, आपल्याकडे १५ मिलिबार, करून देतो. ठोकळ्याच्या पुढे हाय प्रेशर स्विच आणि मग बर्नर. तुमच्याकडे मांडणी थोडी वेगळी असू शकते, पण लो स्विच सेफ्टी वॉल्व्हच्या अलीकडे आणि हाय स्विच पलीकडे, हे बहुतेक ठिकाणी असंच सापडेल.

स्विच म्हणजे मुठीएवढी डबी. आत रबरी पडदा, त्याच्यामागे स्प्रिंग आणि एक बारकी विजेची कळ. मासळी बाजारातला जुना स्प्रिंगचा काटा आठवा. वजन टाकलं की स्प्रिंग दबते आणि काटा हलतो. इथे वजनाच्या जागी गॅसचा दाब आहे. वरच्या चकतीने स्प्रिंग कमीजास्त घट्ट करायची, म्हणजे कळ कुठल्या आकड्याला पडणार ते ठरतं.

लो स्विचची कळ प्रेशर पुरेसं असेल तेव्हाच जोडलेली राहते. हाय स्विचची कळ एरवी जोडलेली असते आणि प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की तुटते. दोन्ही एकाच वायरीत माळेसारखे ओवलेले. त्यातला एक जरी तुटला की सेफ्टी वॉल्व्हची वीज जाते आणि वॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने बंद होतात. बहुतेक लो स्विच प्रेशर परत आलं की आपोआप जोडले जातात. हाय स्विच मात्र बऱ्याच ठिकाणी बटण दाबूनच परत लावावा लागतो, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. माणसाने जवळ यावं आणि बघावं म्हणून.

कमी प्रेशरने काय बिघडतं?

हा प्रश्न आम्हीच विचारला होता. जास्त प्रेशरचा धोका कुणालाही कळतो. गॅस जास्त, हवा तेवढीच, ज्योत पिवळी, काजळी, कार्बन मोनॉक्साइड, आणि न जळलेला गॅस भट्टीत. पण गॅस कमी झाला तर आग लहान होईल, बस्स, असं वाटतं.

तसं होत नाही. पंखा हवा तेवढीच फेकत राहतो. गॅस कमी झाला की मिश्रण पातळ होतं, ज्योत बर्नरच्या तोंडापासून सुटते, फडफडते, विझते. मग बॉयलर पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो. ठिणगी पडते, गॅस सुटतो, पण मिश्रण पातळ असल्यामुळे लगेच पकडत नाही. ते दोन-तीन सेकंद गॅस भट्टीत जमतो आणि मग एकदम पकडतो. ‘भक्’ असा आवाज येतो तो यामुळे. जमलेला गॅस थोडा असेल तर नुसता आवाज. जास्त असेल तर भट्टीचं दार उडतं.

ज्योत गेली हे ओळखणारा सेन्सर बर्नरवर असतो, ते खरं. पण तो ज्योत गेल्यावर सांगतो. लो स्विच ज्योत जायच्या आधी सांगतो.

मोजायचं कसं

स्विच पडला की पहिला प्रश्न ‘स्विच चांगला की वाईट’ हा नाहीच. पहिला प्रश्न: त्या क्षणी प्रेशर किती होतं? त्याचं उत्तर नसेल तर बाकी सगळा अंदाज.

मिलिबार दाखवणारा छोटा डिजिटल मॅनोमीटर मिळतो. नसेल तर पाण्याचा मॅनोमीटर आपण शेडमध्ये बनवू शकतो. फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी बसवायची, प्रत्येक बाजू निदान एक मीटर उंच, निम्म्यापर्यंत पाणी, मध्ये मोजपट्टी. एक तोंड गॅसच्या टेस्ट पॉइंटला, दुसरं उघडं. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढा फरक तेवढं प्रेशर. १ मिलिबार म्हणजे साधारण १० मिलिमीटर पाणी. ५० मिलिबारला फरक ५१ सेंटिमीटर पडला पाहिजे, २५ ला साडेपंचवीस. पाणी खोटं बोलत नाही आणि त्याला बॅटरी लागत नाही.

एक सक्त सूचना. ही नळी फक्त दुसऱ्या रेग्युलेटरच्या पुढच्या भागावर लावायची. १ बारच्या लाइनवर लावली तर पाणी छपराला जाईल आणि मागोमाग गॅस शेडमध्ये येईल. टेस्ट पॉइंटचा स्क्रू बॉल वॉल्व्ह बंद करून मगच सैल करायचा, आणि काम झाल्यावर पुन्हा आवळून साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला तर काम झालं नाही.

आता प्रेशर दोनदा बघायचं. एकदा बर्नर बंद असताना, गॅस उभा असताना. दुसऱ्यांदा बर्नर पूर्ण आगीवर असताना, गॅस धावत असताना. आम्ही त्याला उभं प्रेशर आणि चालतं प्रेशर म्हणतो. अर्धं निदान या दोन आकड्यांतच होतं.

उभं आणि चालतं दोन्ही ठीक, तरी स्विच पडतो? मग स्विच किंवा त्याची वायर बघा. उभंच कमी? सिलिंडर रिकामे, कुठला तरी वॉल्व्ह बंद, किंवा रेग्युलेटर अडकलेला. उभं उत्तम पण चालतं घसरतं? मग वाटेत कुठेतरी अडथळा आहे किंवा गॅस तयारच तेवढा होत नाहीये. शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. प्रेशर घसरतं, स्विच पडतो, वॉल्व्ह बंद होतात, गॅस उभा राहतो आणि प्रेशर पुन्हा चढतं. स्विच आपोआप लागतो. तुम्ही धावत येऊन गेजकडे बघता तर काटा जागच्या जागी! मग माणूस म्हणतो, प्रेशर तर आहे, स्विचच खराब. आमचंही नेमकं हेच झालं.

थंडगार सिलिंडर

या जुलैत सर्व्हिसला आलेल्या तंत्रज्ञाने बॉयलर मुद्दाम दीड तास पूर्ण आगीवर चालवला. आम्ही दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत बसलो. सुरुवातीला उभं ५४, चालतं ४९. अर्ध्या तासाने ४६. तासाभराने ३१. मग वहीत २४ लिहिलं आणि त्याच वेळी बॉयलर थांबला. दोन मिनिटांत काटा परत ५० वर.

सिलिंडर बँकेकडे गेलो तर चारही सिलिंडर खालच्या अर्ध्या भागात घामाघूम, दोघांवर पांढरं हिम. पावसाळ्यात, गोव्यात, हिम!

कारण साधं आहे, पण हिशोब करूनच पटतं. १०० किलो वाफेला साधारण ६१,००० किलोकॅलरी उष्णता लागते. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली आणि एलपीजीच्या किलोला १०,९०० किलोकॅलरी धरल्या, तर तासाला साडेसहा किलोच्या वर गॅस लागतो. हा गॅस सिलिंडरमधल्या द्रवाचा वायू होऊन येतो, आणि वायू व्हायला किलोमागे सुमारे ९० किलोकॅलरी उष्णता लागते. ती येते कुठून? सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून. हवा देते त्यापेक्षा जास्त ओढली की द्रव स्वतःच थंड होत जातो. थंड द्रवाचं प्रेशर कमी. शिवाय मिश्रणातला प्रोपेन आधी उडतो, मागे ब्युटेन जास्त राहतो, आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायूच होत नाही. सिलिंडर अर्धा झाला की द्रवाला टेकलेला पत्राही कमी, म्हणजे उष्णता यायची वाटही अरुंद. वजन केलं तर सिलिंडरमध्ये सात-आठ किलो गॅस शिल्लक आणि बर्नरला मात्र मिळत नाही.

१९ किलोच्या एका सिलिंडरमधून सलग तासन् तास अर्धा ते एक किलोपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये, असा आमचा आता अनुभव आहे. आम्ही चार सिलिंडरांकडून साडेसहा किलो मागत होतो. सकाळी द्रव कोमट असतो म्हणून तासभर निभावतं. दहाच्या पुढे तो दमतो. ऑक्टोबरात बॉयलर दहाला का पडायला लागला, त्याचं कोडं नऊ महिन्यांनी असं सुटलं. आणि स्विच? तो २५ वर लावलेला होता, २४ ला पडला. बिचारा अगदी बरोबर होता.

यावर उपाय सिलिंडरावर गरम पाणी ओतणे हा नाही. तसं करताना आम्ही लोक पाहिलेत, कृपा करून करू नका. ज्योत दाखवणं तर बोलायलाच नको. सिलिंडर आडवा किंवा उलटा करणं हे त्याहून वाईट, कारण मग द्रव लाइनीत येतो. उपाय तीनच: समांतर जोडलेले सिलिंडर वाढवा, नाहीतर विजेवरचा व्हेपोरायझर बसवा, नाहीतर एका वेळची वाफेची मागणी कमी करा. सिलिंडर वाढवताना एक अडचण आहे. १०० किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. १९ चे पाच म्हणजे ९५, सहावा आणला की ११४. आणि कोपऱ्यात उभे केलेले भरलेले सिलिंडरही त्यात मोजले जातात. आम्ही तूर्त उकडायची दोन्ही भांडी एकदम न लावता आलटून पालटून लावायचं ठरवलंय आणि व्हेपोरायझरचे दर मागवलेत.

बाकी अडथळे

सगळीकडे हिमच असेल असं नाही. फिल्टर तुंबला तरीही उभं चांगलं आणि चालतं खराब असंच दिसतं. फरक एवढाच, की फिल्टरचा त्रास बर्नर पेटल्या पेटल्या सुरू होतो, तासाभराने नाही. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे मोजलं की लगेच कळतं. पाइप बारीक असेल तरी तसंच. काही ठिकाणी बॉयलर नवा मोठा घेतात आणि लाइन जुनी ठेवतात. तिथे स्विच कितीही बदला.

सिलिंडर बदलल्यावर लगेच त्रास सुरू झाला, तर वॉल्व्ह किती झटक्यात उघडला ते आठवा. जास्त प्रवाह रोखणारी झडप असेल तर ती झटक्याने बसते. बंद करा, थोडं थांबा, हळू उघडा. दुसऱ्या रेग्युलेटरलाही बऱ्याचदा आतून कमी-जास्त प्रेशरला बंद होणारी झडप असते. सिलिंडर पूर्ण रिकामे होईपर्यंत चालवलं की ती पडते आणि हातानेच उचलावी लागते. ती का पडली हे कळल्याशिवाय उचलू नका.

आता बंदीच्या दोन महिन्यांबद्दल. रेग्युलेटरला आणि स्विचला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं. पडदा हलायला पलीकडची हवा आतबाहेर व्हावी लागते. दोन महिने बॉयलर बंद, वरून खारी हवा, आणि कुंभारमाशीला मातीचं घर करायला तेच भोक आवडतं. भोक बुजलं की रेग्युलेटर वेड्यासारखा वागतो, कधी प्रेशर चढतं, कधी उतरतं. आमच्याकडे यंदा पहिल्या रेग्युलेटरच्या भोकात मातीचा गोळा निघालाच. तार खुपसून काढू नका, पडदा फाटेल. तोंडावरची जाळी काढून साफ करा. त्या भोकातून गॅसचा वास आला तर पडदा फाटलाय, तिथे दुरुस्ती नाही, तो भाग बदलायचा.

स्विच तपासणं

प्रेशर बरोबर आहे आणि तरी बॉयलर लो दाखवतो, तेव्हाच स्विचकडे यायचं. आधी गॅस बंद, पॅनेलची मेन बंद, आणि झाकण उघडून नुसतं बघायचं. आपल्याकडे दहातले बरेच दोष इथेच दिसतात: हिरवट बुरशी आलेले टर्मिनल, सैल स्क्रू, वायर जिथून आत शिरते तिथे सील नसल्यामुळे आत आलेलं पाणी. क्रेट धुताना पाण्याचा पाइप बॉयलरकडे फिरवायची आपली सवय आहे, तीही याला कारणीभूत.

मग मल्टीमीटर. मेन बंदच ठेवून स्विचच्या वायरी सोडवायच्या. टर्मिनल तीन असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. प्रेशर नसताना लो स्विचचं कॉमन ते एनओ तुटलेलं दिसलं पाहिजे, गॅस सोडून प्रेशर आलं की जोडलेलं. हाय स्विच कॉमन ते एनसी वर जोडलेला असतो, प्रेशर नसताना मीटर वाजलाच पाहिजे. नवा स्विच बसवताना एनओ आणि एनसी उलटे लागले तर बर्नर पेटतच नाही, आणि मग पुन्हा तीच हाक: डायरेक्ट करा. वीज चालू ठेवून मोजायचं असेल तर ते इलेक्ट्रिशियनने करावं. त्याचा नियम साधा आहे: जोडलेल्या कळीच्या दोन टोकांमध्ये शून्य व्होल्ट, तुटलेल्या कळीवर पूर्ण २३०.

कळ ठीक असूनही स्विच चुकीच्या आकड्याला पडत असेल तर बॉल वॉल्व्ह अगदी हळू बंद करत मॅनोमीटरकडे बघा आणि तो कुठे पडतो ते वहीत लिहा. चकतीवरचा आकडा म्हणजे अंदाज, पाण्याचा आकडा खरा. लो स्विच साधारणपणे बर्नरला लागणाऱ्या किमान प्रेशरच्या निम्म्याच्या खाली लावत नाहीत, आणि हाय स्विच पूर्ण आगीच्या प्रेशरच्या दीडपटीच्या वर लावत नाहीत. बर्नरच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचं ऐकायचं. आपल्याकडे त्या हिशोबाने लो २५ आणि हाय २२ आहे. लो मोठा आणि हाय छोटा कसा, असं एकाने विचारलं. दोघांच्या जागा वेगळ्या: एक ५० च्या लाइनवर, दुसरा १५ च्या.

हाय स्विच पडला तर गोष्ट निराळी. तिथे अडथळा शोधायचा नसतो, गळती शोधायची असते, आतल्या आत होणारी. गव्हर्नरच्या बैठकीवर कचरा बसला की तो गॅस पूर्ण रोखत नाही आणि प्रेशर इंचाइंचाने चढत राहतं. बर्नर थांबल्यावर किंवा मोठ्या आगीवरून एकदम लहान आगीवर आल्यावर हाय स्विच पडत असेल तर संशय तिथेच. हे काम तंत्रज्ञाचं. गव्हर्नरचा स्क्रू ‘थोडा’ फिरवून बघायचा मोह आवरा, आणि रिसेटचं बटण दुसऱ्यांदा दाबण्याआधी फोन लावा.

तो लाल वायरचा तुकडा

ऑक्टोबरात लो स्विच डायरेक्ट केला, असं वर म्हटलं. म्हणजे कॉमन आणि एनओ यांच्यामध्ये वीतभर लाल वायर जोडली. ‘आजच्या दिवसापुरती’ असं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं. संध्याकाळी माल गेला, मंडळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी बॉयलर न कुरकुरता चालला, मग ती वायर कोण आठवतो?

जानेवारीत एका सकाळी अकराच्या सुमारास बॉयलर दोनदा विझला. दोन्ही वेळा ऑपरेटरने रिसेट दाबलं. तिसऱ्या वेळी ‘भक्’ आवाज झाला, चिमणीची टोपी सरकली आणि भट्टीच्या दाराच्या फटीतून क्षणभर ज्योत बाहेर आली. सोलणाऱ्या मावश्या दहा-बारा फुटांवर बसल्या होत्या. एकीच्या पदरावर काजळी उडाली, इजा कुणाला झाली नाही. आम्ही बर्नर साफ केला, इलेक्ट्रोड बदलला आणि चालू केला. त्या वायरचा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. जुलैत तंत्रज्ञाने झाकण उघडलं तेव्हा ती समोर आली.

कुणी लावली, हे आम्ही विचारत बसलो नाही. ऑपरेटरने लावली असेल, पण ‘काहीही कर, चालू कर’ असं ओरडणारे आम्हीच होतो. कमिटीतले. त्या मुलाला नाही म्हणायची सोय आम्ही ठेवली नव्हती.

असे बॉयलर तपासायला बाहेरचं कुणी येत नाही, हेही सांगायला हवं. २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणारे कॉइलचे बॉयलर बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, बाजारात त्यांना नॉन-आयबीआर म्हणतात. इन्स्पेक्टरची कटकट नाही म्हणून आपण ते घेतो. पण गॅस तोच, भट्टी तीच.

आता काय बदललंय ते लिहितो. पॅनेलला कुलूप आहे आणि किल्ली दोघांकडेच. दोन्ही स्विच महिन्यातून एकदा मोजून पाडायचे आणि आकडा वहीत लिहायचा. ऑपरेटरने बॉयलर बंद ठेवला तर त्या दिवशीच्या नुकसानाबद्दल त्याला कुणी बोलायचं नाही, हे सभेत ठरवून इतिवृत्तात घेतलंय. सोलायची टेबलं भिंतीच्या पलीकडे हलवली. वास आला तर करायचं काय, तेही भिंतीवर लावलंय: बॉल वॉल्व्ह आणि सिलिंडर बंद, विजेचं कुठलंही बटण चालू नाही आणि बंदही नाही, माणसं बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत आणि गटारात साचतो, म्हणून खाली वाकून वास घ्या. उभ्याने कळत नाही.

बंदी उठायच्या आधीच्या रविवारी सकाळी आठला आम्ही शेडवर पाण्याचा मॅनोमीटर लावून दोन्ही स्विच पाडून दाखवणार आहोत. ज्यांच्या शेडमध्ये, काजूच्या भट्टीवर किंवा हॉटेलात असा बॉयलर आहे त्यांनी आपल्या ऑपरेटरला घेऊन यावं. पायात बूट असावेत, मोबाइल दारावर ठेवावा लागेल. येताना आपल्या बर्नरचं पुस्तक आणि पॅनेलच्या आतला फोटो घेऊन या. झाकण उघडल्यावर वीतभर वायर दिसली तर ती काढू नका, आधी गॅस बंद करा आणि आम्हाला फोन करा.